पत्रोत्तरे : ऑस्ट्रेलियातील भटकंती आणि वाटेवरच्या फजित्या

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या, तेथे मुलांकडे गेलेल्या किंवा जाण्याच्या तयारीत असलेल्या वाचकांनी आपल्या सहलींतील घोळ आणि अडचणी कळवाव्यात, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. भरपूर पत्रे आली आणि त्यांतली बहुतेक वाचताना मनापासून हसू आले. हद्दीपलीकडे गेलेली ट्रॅम, बंद निघालेला बाजार, डोक्यावर झेपावणारा पक्षी, वाटेत टाकून द्यावी लागलेली संत्री अशा फजितीत फार तर अर्धा दिवस जातो आणि पुढे वर्षानुवर्षे सांगायला एक किस्सा मिळतो. तिला घाबरून कोणीही घरात बसू नये, असे मला अगदी कळकळीने वाटते. मात्र समुद्रातले आणि रात्रीच्या निर्जन रस्त्यावरचे काही प्रसंगही वाचकांनी त्याच हसऱ्या सुरात कळवले आहेत आणि ते वाचताना मला हसता आले नाही. पुढील उत्तरांत हा फरक मी मुद्दाम स्पष्ट ठेवला आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही पती-पत्नी मेलबर्नला मुलाकडे आलो आहोत. मुलगा आणि सून कामावर गेल्यावर आम्ही दोघेच बाहेर पडतो. गेल्या बुधवारी हौसेने क्वीन व्हिक्टोरिया मार्केट पाहायला गेलो, तर सगळा बाजार बंद. परतताना ट्रॅममध्ये चढलो. शहरात प्रवास मोफत असतो असे ऐकले होते, म्हणून निश्चिंत बसलो आणि मोफत हद्द केव्हाच मागे पडल्याचे तपासनीस आल्यावर कळले. त्यांनी समजावून सांगून सोडून दिले, पण सौभाग्यवतींचा आता ट्रॅमवर विश्वास उरलेला नाही. आम्ही असेच फिरावे, की मुलाच्या सुट्टीची वाट पाहावी? — एक निवृत्त शिक्षक, ठाणे

उत्तर : सुट्टीची वाट मुळीच पाहू नये. कामाच्या दिवशी सकाळची गर्दी ओसरली की मेलबर्नच्या ट्रॅममध्ये बसायला हमखास जागा मिळते आणि शहर निवांतपणे पाहता येते. तो बाजार १८७८ पासून भरतो आणि सोमवारी व बुधवारी बंद असतो. इतर कोणत्याही दिवशी सकाळी जावे, कारण दुपार सरू लागली की भाजी आणि मासळीचे गाळे आवरायला घेतात.

ट्रॅमची मोफत हद्द १ जानेवारी २०१५ पासून लागू आहे. तिच्यात शहराचा मध्यभाग, डॉकलंड्स आणि हा बाजार एवढेच येते. हद्द संपते त्या थांब्यावर तशी पाटी असते आणि ट्रॅममध्ये घोषणाही होते. परंतु खिडकीबाहेर पाहण्यात मन गुंतलेले असताना ती कानांवरून जाते, यात नवल नाही. ट्रॅममध्ये कंडक्टर नसतो आणि चढल्यावर तिकीटही विकत मिळत नाही, म्हणून पैसे भरलेले मायकी कार्ड दोघांनी आपापले स्वतंत्र जवळ ठेवावे. एका कार्डावर दोघांचा प्रवास होत नाही. हद्दीतच चढून हद्दीतच उतरणार असाल तर ते यंत्राला लावू नये, कारण लावले की भाडे कापले जाते. हद्दीबाहेर जायचे असेल तर मात्र चढताच लावावे. ट्रॅममधून उतरताना ते पुन्हा लावण्याची गरज नसते, रेल्वेत मात्र ते स्टेशनात शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा लावावे लागते. सौभाग्यवतींचा विश्वास परत मिळवायचा असेल तर पहिल्या फेरीला ३५ क्रमांकाची सिटी सर्कल ट्रॅम धरावी. जुन्या धाटणीची ही लाकडी आसनांची ट्रॅम मोफत हद्दीच्या बाहेर जातच नाही, त्यामुळे कितीही वेळ बसून राहिलात तरी कोणी काही विचारणार नाही.

प्रश्न : मी कॅनबेरात शिकते आणि रोज सायकलने विद्यापीठात जाते. सप्टेंबर लागल्यापासून वाटेतल्या एका उंच निलगिरीखालून जाताना एक मॅगपाय पक्षी मागून येऊन हेल्मेटवर झेप घेतो. गेल्या आठवड्यात त्याला चुकवताना मी सायकलसकट गवतात पडले. माझ्या मैत्रिणी त्याच वाटेने चालत जातात, त्यांना तो काहीच करत नाही. तो माझ्याच मागे का लागला आहे? — एक विद्यार्थिनी, मूळ सातारा

उत्तर : तुम्हाला लागले नसेल अशी आशा आहे. हा अनुभव ऑस्ट्रेलियात सायकल चालवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी येतो. कावळ्याएवढ्या आकाराचा हा काळा-पांढरा पक्षी साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात घरटे राखतो. झेप घेणारा बहुधा नर असतो आणि सगळेच नर हल्लेखोर नसतात. दहांतला एकसुद्धा असा निघत नाही. अंडी आणि उडू न शकणारी पिल्ले घरट्यात असतात तेवढे आठवडे तो घरट्याभोवतीच्या शंभरेक मीटरच्या टापूत पहारा देतो आणि पिल्ले उडती झाली की त्याचा राग आपोआप शमतो.

तो तुमच्याच मागे लागला आहे ही तुमची शंका खोटी नाही. मॅगपाय माणसांचे चेहरे ओळखतात आणि लक्षात ठेवतात. शिवाय एखादा नर केवळ सायकलस्वारांवरच झेपावतो, एखादा केवळ पायी चालणाऱ्यांवर, तर एखादा ठरावीक पोस्टमनवरच. मैत्रिणी पायी जातात म्हणून सुटतात, असे तुमच्या पत्रावरून दिसते. तेव्हा सोपा उपाय असा की त्या झाडाच्या अलीकडे सायकलवरून उतरावे, हेल्मेट डोक्यावरच राहू द्यावे आणि सायकल हाती धरून शांतपणे चालत पलीकडे जावे. पक्ष्याकडे तोंड करून चाललात तर तो सहसा झेप घेत नाही. त्याला मागून येणे आवडते. धावू नये, हात किंवा काठी उगारू नये, दगड तर कधीच मारू नये. एक तर या पक्ष्याला कायद्याचे संरक्षण आहे, आणि दुसरे म्हणजे दगड मारणारा चेहरा तो पुढच्या वर्षीसुद्धा विसरत नाही. हेल्मेटवर प्लास्टिकच्या केबल टाय काट्यांसारख्या उभ्या लावलेले सायकलस्वार तुम्ही पाहिले असतील. त्यांचा उपयोग कुणाला होतो, कुणाला होत नाही, पण गॉगल मात्र अवश्य घालावा, कारण खरी जपण्याची गोष्ट डोळे आहेत. महिनाभर दुसरी वाट धरणे सर्वांत उत्तम. पहाटे याच पक्ष्याची लांबलचक, घोळवलेली शीळ ऐकलीत तर त्याच्यावरचा तुमचा राग टिकणार नाही, एवढे मी खात्रीने सांगते.

प्रश्न : ताई, मी ब्रिस्बेनला नोकरी करतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ट्वीड हेड्सला मित्राने नदीतल्या बोटीवर जेवणाचा बेत केला होता. दुपारी बाराची बोट होती. मी घड्याळात साडेअकरा वाजता धक्क्यावर पोहोचलो, तर बोट अर्ध्या तासापूर्वीच सुटलेली. मित्र बोटीवर, जेवण बोटीवर आणि मी धक्क्यावर. हा काय प्रकार आहे? — एक संगणक अभियंता, मूळ कोल्हापूर

उत्तर : तुम्ही पोहोचलात तेव्हा ब्रिस्बेनमध्ये साडेअकराच वाजले होते, पण धक्क्यावर साडेबारा. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया, टास्मानिया आणि कॅनबेराचा राजधानी प्रदेश येथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एक तास पुढे करतात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. क्वीन्सलँड, नॉर्दर्न टेरिटरी आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया ही पद्धत पाळत नाहीत. क्वीन्सलँडने १९९२ मध्ये त्यावर जनमत घेतले होते आणि साडेचोपन्न टक्के मतदारांनी नकार दिला. त्यामुळे एरवी तीन वेळांत विभागलेला हा देश उन्हाळ्यात पाच वेळांत विभागला जातो. तुम्ही नेमका बदलाच्याच दिवशी सीमा ओलांडलीत.

क्वीन्सलँडचे कूलनगाटा आणि न्यू साउथ वेल्सचे ट्वीड हेड्स ही गावे इतकी एकजीव आहेत की रस्ता ओलांडला तरी राज्य बदलते आणि राज्याबरोबर तासही. गोल्ड कोस्ट विमानतळाची धावपट्टीसुद्धा राज्यसीमा ओलांडते. विमानतळाचा कारभार मात्र क्वीन्सलँडच्या वेळेने चालतो. ट्वीड हेड्सहून विमान पकडायला जाणारा माणूस चुकला तर तासभर आधी पोहोचतो, एवढे तरी बरे. सीमेवर मोबाइल कोणत्या बाजूच्या मनोऱ्याला जोडला जाईल याचा भरवसा नसल्यामुळे त्यातली वेळ आपोआप मागेपुढे होऊ शकते. म्हणून ऑक्टोबर ते एप्रिल या काळात सीमेपलीकडचा कोणताही बेत ठरवताना ‘तुमचे बारा की आमचे बारा’ हे आधी विचारून घ्यावे. तेथले लोकही एकमेकांना हेच विचारतात. कोल्हापूरला फोन करताना मात्र तुम्ही सुखी आहात. ब्रिस्बेन बारा महिने भारताच्या साडेचार तासच पुढे असते. सिडनी-मेलबर्नवाल्यांना हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेपाच तासांचा हिशेब करावा लागतो.

प्रश्न : आम्ही चौघे येत्या डिसेंबरात नऊ दिवसांसाठी ऑस्ट्रेलियाला जाणार आहोत. दोन दिवस सिडनी, मग भाड्याच्या गाडीने एका दिवसात मेलबर्न, दुसऱ्या दिवशी ग्रेट ओशन रोड आणि त्याच संध्याकाळी फिलिप आयलंडचे पेंग्विन, नंतर विमानाने ॲलिस स्प्रिंग्ज, तेथून अर्ध्या दिवसात उलुरू हा प्रचंड खडक पाहून रात्री परत, आणि शेवटी केर्न्सला ग्रेट बॅरिअर रीफ, असा बेत आहे. त्यात काही राहून जात आहे का? — एक कुटुंब, पुणे

उत्तर : राहून काहीच जात नाही, उलट बरेच काही कमी करायला हवे. आपला उत्साह मला मनापासून आवडला, म्हणूनच हे स्पष्टपणे लिहिते आहे. ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ भारताच्या दुपटीहून अधिक आहे. सिडनी ते मेलबर्न रस्त्याने सुमारे ८८० किलोमीटर आणि सिडनी ते केर्न्स सुमारे २,४०० किलोमीटर आहे. नकाशावर बोटभर दिसणारे अंतर गाडीत दिवसभराचे होते.

ग्रेट ओशन रोड आणि पेंग्विन एका दिवसात कोणत्याही हिशेबाने बसत नाहीत. टॉर्की ते ॲलन्सफर्ड हा २४३ किलोमीटरचा रस्ता मेलबर्नच्या नैऋत्येला आहे, तर फिलिप आयलंड आग्नेयेला सुमारे १४० किलोमीटरवर. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यांनी खोदलेल्या या रस्त्याला एक संपूर्ण दिवस द्यावा, शक्य असल्यास एक मुक्कामही करावा. किनाऱ्याची वळणे घेत ट्वेल्व्ह अपॉसल्स या समुद्रातल्या सुळक्यांपर्यंत जायलाच थांबत-थांबत पाच तास लागतात; परतताना कोलॅकवरून आतल्या रस्त्याने आल्यास साधारण तीन तासांत मेलबर्न गाठता येते. त्या सुळक्यांची संख्या नावाप्रमाणे बारा कधीच नव्हती आणि २००५ च्या जुलैत त्यांतला एक कोसळला. तेथून थोडे पुढे लंडन आर्च आहे, तो मात्र चुकवू नये. जानेवारी १९९० पर्यंत ती दोन कमानींची, किनाऱ्याला जोडलेली खडकाची पूलवजा रचना होती. त्या महिन्यात दोन पर्यटक पलीकडच्या टोकावर उभे असताना किनाऱ्याकडची कमान त्यांच्या मागे समुद्रात कोसळली. दोघांनाही खरचटलेसुद्धा नाही. त्या खडकावर तासन्‌तास अडकून राहिल्यावर हेलिकॉप्टरने त्यांची सुटका झाली. आजही तो खडक समुद्रात सुटा उभा आहे आणि कुंपणापासून तो पाहताना सूचनाफलक कशासाठी लावलेले असतात हे आपोआप पटते.

पेंग्विनसाठी वेगळा दिवस ठेवावा. सुमारे ३३ सेंटिमीटर उंचीचे हे पक्षी सूर्यास्तानंतर अंधार पडू लागला की थव्याथव्याने पाण्याबाहेर येतात, लाटेने मागे ओढले तर पुन्हा जमतात आणि वाळू ओलांडून आपापल्या बिळांकडे निघतात. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे मेलबर्नला परतेपर्यंत मध्यरात्र होते. तेथे छायाचित्रे काढण्यास बंदी आहे, मोबाइलनेसुद्धा. मुलांचा हिरमोड होऊ नये म्हणून हे आधीच सांगून ठेवावे. उन्हाळा असला तरी किनाऱ्यावर वारा बोचरा असतो, तेव्हा चौघांचेही स्वेटर गाडीत असावेत.

उलुरूचा बेत मात्र मला चिंतेत टाकतो. ॲलिस स्प्रिंग्जपासून ते सुमारे ४५० किलोमीटर दूर आहे, त्यामुळे आपण आखल्याप्रमाणे परतीचा प्रवास अंधारात होईल. पहाटे आणि तिन्हीसांजेनंतर कांगारू रस्त्यावर येतात, दिव्यांच्या झोतात गोंधळून गाडीसमोरच उडी घेतात. त्या भागात कुंपण नसलेल्या रस्त्यावर गुरेही आडवी येतात, समोरून पन्नास मीटरहून लांब मालवाहू ट्रक येतात आणि मैलोन्‌मैल मोबाइलला संपर्क नसतो. अनेक भाड्याच्या गाड्यांचा विमा तेथे सूर्यास्तानंतर गाडी चालवल्यास लागूच होत नाही. उलुरूजवळच्या युलारा येथे स्वतंत्र विमानतळ आहे. थेट तेथे उतरावे आणि तेथेच मुक्काम करावा. उलुरूवर चढणे २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचे बंद आहे. ते स्थान तेथील अनंगू लोकांना पवित्र आहे आणि पायथ्याभोवतीची पहाटेची पायवाट मला चढण्यापेक्षा कितीतरी मोलाची वाटते. डिसेंबरात उष्मा प्रखर असतो, म्हणून चालणे सकाळीच उरकावे. नऊच दिवस असतील तर सिडनी, मेलबर्न आणि उरलेल्या दोघांपैकी एक, एवढेच ठेवावे. माझे मत रीफच्या बाजूने पडेल, कारण उलुरू हिवाळ्यात अधिक सुखाने पाहता येते.

प्रश्न : आम्ही ॲडलेडला राहतो. मिल्डुरा परिसरातल्या एका बागेतून पेटीभर संत्री घेऊन परतत असताना यांबा येथील नाक्यावर सगळी फळे टाकून द्यावी लागली. मुलांनी आणि आम्ही रस्त्याकडेला उभे राहून पोट दुखेपर्यंत खाल्ली, तरी अर्धी पेटी उरली. एकाच देशात फळांना बंदी कशी? — एक गृहिणी, मूळ नागपूर

उत्तर : नागपूरच्या माणसाला संत्री टाकताना काय वाटले असेल, याची कल्पना करवत नाही. पण नागपूरकरांनाच या बंदीचे कारण सर्वांत लवकर पटेल. क्वीन्सलँड फळमाशीची मादी पिकत्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या आतून गर कुजवतात आणि बाहेरून फळ अगदी धडधाकट दिसते. नाक्यापलीकडचा रिव्हरलँड हा मरे नदीच्या पाण्यावर पिकणारा संत्र्या-द्राक्षांचा प्रदेश आहे, आणि एका पेटीतल्या दोन किडक्या फळांमुळे तेथील बागाइतदारांचे अख्खे वर्ष बुडू शकते. रेनमार्कच्या अलीकडचा यांबाचा नाका म्हणून रात्रंदिवस चालू असतो. शिजवलेली किंवा सुकवलेली फळे नेता येतात. नाक्यावर विचारतील तेव्हा जे असेल ते सांगून टाकावे; लपवलेले फळ सापडले तर दंड होतो. पुढच्या वेळी बागेतच मनसोक्त खाऊन घ्या आणि घरासाठी मुरंबा घ्या.

भारतातून येणाऱ्या आपल्या नातेवाइकांनाही हेच कळवावे. विमानात मिळणाऱ्या प्रवेशपत्रिकेवर डब्यातला प्रत्येक खाद्यपदार्थ आहे असे लिहून द्यावे. लिहून दिलेला पदार्थ फार तर काढून घेतला जातो. न सांगितलेल्या पदार्थापायी जबर दंड होतो आणि पर्यटकाचा व्हिसाही रद्द होऊ शकतो.

प्रश्न : मी रत्नागिरीत समुद्राकाठीच वाढलो, लहानपणापासून पोहतो. सिडनीला पुतण्याकडे गेलो असता बाँडायच्या किनाऱ्यावर उतरलो आणि झेंड्यांच्या बाहेर, जेथे लाटा कमी होत्या तेथे पोहू लागलो. बघता बघता बराच आत ओढला गेलो. एका जीवरक्षकाने फळीवरून परत आणले. घरी सगळे ‘काकांची समुद्रसफर’ म्हणून हसतात. एवढ्या पोहणाऱ्या माणसाला झेंड्यांची गरज असते का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : गरज असते, आणि चांगल्या पोहणाऱ्याला अधिकच असते. आपण सुखरूप परतलात याचा फार आनंद वाटला, पण हा प्रसंग हसून सोडून देण्याचा नाही. फुटलेल्या लाटांचे पाणी किनाऱ्यावर साठते आणि वाळूतल्या खोलगट भागातून पुन्हा समुद्राकडे धावते. हा परतीचा ओघ म्हणजे रिप. ओघाच्या जागी पाणी खोल असल्यामुळे लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसते, आणि नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. आपल्यालाही तसेच वाटले. बाँडायच्या दक्षिण टोकाला असा एक ओघ जवळजवळ कायमचा आहे. बस त्याच टोकाला थांबते आणि पाठपिशवी घेऊन उतरलेले प्रवासी सरळ समोरच्या पाण्यात शिरतात, म्हणून त्याला बॅकपॅकर्स एक्स्प्रेस असे नावच पडले आहे.

याच किनाऱ्यावर ६ फेब्रुवारी १९३८ रोजी मोठ्या लाटांनी शेकडो माणसांना एकदम आत खेचले होते. त्या दिवशी किनाऱ्यावर स्वयंसेवक जीवरक्षक मोठ्या संख्येने हजर होते, तरीही ५ जणांचे प्राण गेले. आणि पोहण्यातल्या सरावाचे म्हणाल, तर ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट यांना समुद्राचा दांडगा सराव होता. १७ डिसेंबर १९६७ रोजी ते मेलबर्नजवळच्या शेविअट बीचवर पाण्यात उतरले ते परतलेच नाहीत. त्यांचा देहही सापडला नाही.

लाल-पिवळे झेंडे जीवरक्षक रोज पाणी पाहून रोवतात आणि ओघ सरकला की तेही सरकवतात, त्यामुळे काल जेथे पोहलो तेथेच आज उतरावे असेही नाही. त्या दोन झेंड्यांच्या मध्येच पोहावे. नुसता लाल झेंडा असेल तर किनारा बंद समजावा. झेंडेच नसतील तर पाण्यात उतरू नये. ओघात सापडलाच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, कारण त्यातच दम संपतो. अंग सैल सोडून तरंगावे, एक हात उंच करून मदत मागावी, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, लाटा फुटत असलेल्या बाजूकडे सरकावे. काठावरच्या माणसाने स्वतः उडी न घेता जीवरक्षकाला बोलवावे, तो नसेल तर ००० हा आणीबाणीचा क्रमांक लावावा. घरातल्या मंडळींनाही हे पत्र वाचून दाखवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : सिडनीजवळच्या कटूंबाला थ्री सिस्टर्स हे सुळके पाहायला गेलो, तर धुक्यामुळे समोर पांढऱ्या पडद्याखेरीज काही नव्हते. धुके निवळल्यावर पायवाटेने निघालो आणि दुपारच्या सूर्यावरून दिशा ठरवून नेमका उलट गेलो. गिर्यारोहणाचा सराव असूनही असे का व्हावे? — एक ट्रेकर, मूळ नाशिक

उत्तर : सह्याद्रीत वर्षाचा बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. सिडनी मकरवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तेथे मध्यान्हीचा सूर्य बारा महिने उत्तरेला असतो, आणि त्याच्याकडे तोंड करून उभे राहिल्यास तो उजवीकडून डावीकडे जाताना दिसतो. रात्री ध्रुवतारा नसतोच. शुक्लपक्षातला चंद्रसुद्धा आपल्या सवयीच्या उलट बाजूने उजळलेला असतो. त्यामुळे जुना सराव बाजूला ठेवून होकायंत्र आणि मोबाइलमध्ये आधीच उतरवून घेतलेला नकाशा यांवरच विसंबावे. दऱ्यांत मोबाइलला संपर्क मिळत नाही. निघताना परतीची वेळ कुणाला तरी सांगून ठेवावी. इको पॉइंटवर धुके असेल तर घाईने परतू नये. तासाभरात वारा सुटून सगळी दरी उघडी पडल्याचे मी पाहिले आहे.

प्रश्न : सिडनीजवळच्या एका गावात गाडी नीट रेघांमध्ये उभी केली, वेळही पाळली, तरी दंडाची चिठ्ठी लागली. का? — एक वाचक, मूळ सोलापूर

उत्तर : आपण गाडीचे तोंड पदपथाकडे केले असावे. न्यू साउथ वेल्समधील अनेक तिरप्या जागांत गाडीची मागची बाजूच पदपथाकडे हवी, असे पाटीवर लिहिलेले असते आणि ते न पाळल्यास दंड होतो. पदपथाला समांतर गाडी लावताना तिचे तोंड वाहतुकीच्या दिशेनेच हवे, हेही लक्षात असू द्यावे. पाटीवर दोनचा आकडा आणि पुढे ‘पी’ असेल तर दोन तास मुभा. बाण असेल तर मुभा त्या बाजूपुरतीच.

प्रश्न : जानेवारीत मेलबर्नला नातवाला भेटायला जाणार आहे. तो पाच वर्षांचा आहे आणि त्याला पफिंग बिलीच्या वाफेच्या गाडीने न्यायचे माझ्या मनात आहे. वणव्याच्या दिवसांत ती गाडी बंद असते का? — एक आजी, डोंबिवली

उत्तर : आजी, अवश्य न्या. माथेरानच्या गाडीतून नातवंडांना नेण्यात जो आनंद आहे, तोच येथे आहे. १९०० मध्ये सुरू झालेला हा लोहमार्ग ७६२ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे माथेरानच्या ६१० मिलिमीटरपेक्षा थोडा रुंद आहे. १९५३ मध्ये दरड कोसळून तो अडला आणि पुढे बंदच करण्यात आला. परंतु गावकऱ्यांनी आणि रेल्वेप्रेमींनी संस्था स्थापून, श्रमदान करून तो टप्प्याटप्प्याने पुन्हा उभा केला. आजही तेथील कितीतरी कामे स्वयंसेवक करतात, आणि तिकीट तपासणारे आजोबा नातवाच्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरे देतात. बेलग्रेव्ह ते गेम्ब्रुक हे अंतर सुमारे २४ किलोमीटर आहे. बेलग्रेव्हपर्यंत शहरातून थेट लोकल जाते. स्टेशन सोडल्यावर थोड्याच वेळात गाडी एका वळणदार लाकडी पुलावरून जाते. त्या वेळी नातवाला अशा बाजूला बसवा की पुढचे इंजिन त्याला वळणावर दिसेल.

ज्या दिवशी आग पेटवण्यास संपूर्ण बंदी जाहीर होते, त्या दिवशी ठिणग्यांचा धोका टाळण्यासाठी वाफेच्या जागी डिझेलचे इंजिन लावतात. नातवाला धूर आणि शिट्टीच हवी असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी व्हिक्टोरियाच्या कंट्री फायर ऑथॉरिटीचा इशारा पाहून घ्यावा. सहलीच्या ठिकाणी सार्वजनिक उद्यानांत विजेच्या शेगड्या असतात, पण बंदीच्या दिवशी त्यांच्यावर शिजवायला कडक अटी लागू होतात, म्हणून त्या दिवशी दशम्या आणि बटाट्याची भाजी घरूनच न्यावी. शाळांना सुट्टी असल्यामुळे जानेवारीत गाडी भरलेली असते. आसने आठ-पंधरा दिवस आधी राखून ठेवावीत, आणि सकाळची पहिली गाडी घ्यावी, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी लेकसाइडच्या तळ्याकाठी नातवाला मनसोक्त खेळता येईल.